काचेचा आडवा पाऊस

लिफ्टचं दार मिटता मिटता फटीतून एक हात आत आला, मग एक फुगलेली कापडी पिशवी, आणि मग तो.

"दरवाजा बंद होत आहे," लिफ्टमधली बाई म्हणाली.

"दिसतंय हो बाई," तो तिला म्हणाला. मी आत आहे हे त्याच्या नंतर लक्षात आलं. ओशाळून तो मला म्हणाला, "रोज बोलतो मी यांच्याशी. पण फार शिष्ट आहेत. स्वतःचं तेच तेच सांगत राहतात, आपण विचारलेल्याला उत्तर नाही."

"काय विचारता तुम्ही त्यांना?"

"काल विचारलं, दिवसभर उभं राहून पाय दुखत नाहीत का."

मी ओठ घट्ट मिटून वरच्या आकड्यांकडे पाहिलं. मग राहवेना. घसा साफ केला, मान ताठ केली आणि शांतपणे म्हणाले, "कृपया दरवाजाला टेकून उभे राहू नका."

तो टुणकन बाजूला झाला. आधी छताकडे पाहिलं, मग स्पीकरच्या जाळीकडे, मग हळूहळू माझ्याकडे... आणि त्याचे कान लाल होत गेले. अगदी वरच्या कडेपासून खाली.

"ते... तुम्ही?"

"मीच. पाय नाही दुखत. एका दुपारी खुर्चीत बसून रेकॉर्ड केलंय सगळं."

तेव्हा माझा आवाज शहरभर होता. लिफ्टमध्ये होता, दवाखान्याच्या रांगेत होता, बँकेच्या फोनवर 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' म्हणणारीही मीच. लोक माझ्यावर रोज चिडायचे, पण रस्त्यात मला कुणी ओळखत नव्हतं. मला ते बरंच वाटायचं. त्या दिवशी मी तारांगणात आले होते ती नव्या कार्यक्रमाचं निवेदन रेकॉर्ड करायला. आणि ते निवेदन लिहिणारा शास्त्रज्ञ म्हणजे हाच लाल कानांचा माणूस, हे तिसऱ्या मजल्यावर उतरल्यावर कळलं.

त्याचा विषय एकच होता. दूरच्या एका ताऱ्याला अगदी खेटून फिरणारा वायूचा प्रचंड गोळा. आपल्या गुरूहून मोठा आणि इतका तापलेला, की तिथे लोखंडसुद्धा घन राहणार नाही. त्या ग्रहाला नाव नव्हतं, नुसती अक्षरं आणि आकडे होते. तो मात्र त्याला 'भट्टी' म्हणायचा.

"ग्रह 'तो' असतो ना?" मी विचारलं. "तुम्ही सारखं 'ती, ती' काय करताय?"

"सहा वर्षं ओळखतो मी तिला. माझ्यासाठी ती 'ती'च आहे."

"पाहिलीय कधी?"

"नाही," तो म्हणाला. "कुणीच नाही पाहिली. ती ताऱ्यासमोरून जाते तेव्हा ताऱ्याचा उजेड जरासा मंदावतो. तेवढंच. त्या मंदावण्यावरून बाकी सगळं ओळखायचं."

हे सांगताना त्याने हातात एखादा अदृश्य चेंडू धरला होता. तो कायम तसंच बोलायचा. चेंडू कधी मोठा व्हायचा, कधी लहान, आणि बोलणं संपलं की तो हळूच टेबलावर ठेवायचा. ठेवताना मी टेबलाकडे बघायचे. सवयच लागली.

आमची भांडणं मात्र पहिल्याच दिवशी सुरू झाली. काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट काका हेडफोन लावून बसलेले, काचेअलीकडे मी, आणि शेजारच्या स्टुलावर तो, संहितेचे कागद मांडीवर घेऊन. पहिलंच वाक्य असं होतं— 'मातृताऱ्याच्या अतिसान्निध्यामुळे उद्भवणाऱ्या प्रचंड उष्णतेने प्रसरण पावलेला हा वायुरूप ग्रह आपली एक प्रदक्षिणा अवघ्या तीन दिवसांत पूर्ण करीत असून त्याची एकच बाजू सदैव ताऱ्याकडे असते.'

मी वाचलं आणि पाण्याचा घोट घेतला. "यात श्वास कुठे घ्यायचा?"

"स्वल्पविराम देऊ का एखादा?"

"स्वल्पविरामात चिमणी श्वास घेते. माणसाला पूर्णविराम लागतो."

काचेपलीकडे काकांचे खांदे हलले.

"पण तोडलं तर अर्थ तुटेल," तो म्हणाला. "प्रत्येक शब्द मोजून घातलाय मी."

"ऐकायला शाळेची मुलं येणार आहेत. 'अतिसान्निध्य' ऐकून निम्मी झोपतील."

"मग काय म्हणायचं?"

"ती आपल्या ताऱ्याभोवती फार जवळून फिरते. म्हणून फुगली आहे. म्हणून तापली आहे."

त्याने कागदाकडे पाहिलं. मग पेन काढलं, माझं वाक्य कागदाच्या कडेला लिहून घेतलं, आणि खाली आपलंही तसंच ठेवलं. "दोन्ही घेऊ या," तो म्हणाला.

असा माणूस. एक शब्द काढायचा म्हणजे याच्या अंगाचा तुकडा काढल्यासारखं व्हायचं. तरी मी रोज थोडं लवकर पोचायला लागले. तो माझ्यासाठी थर्मासमध्ये कोमट पाणी भरून आणायचा, कारण गार पाण्याने आवाज बसतो असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. वर कपाची कड पुसून द्यायचा. मी बघत नाहीये असं त्याला वाटायचं.

एका दुपारी काका जेवायला गेले, तेव्हा तो म्हणाला, "चला, भट्टी दाखवतो."

बाहेर लख्ख ऊन होतं, आणि घुमटाच्या आत, दार लावल्याबरोबर, मिट्ट अंधार. खुर्च्या मागे कलल्या. आम्ही शेजारी शेजारी आडवे झाल्यासारखे... मला माझ्या कोपराचं काय करावं कळेना. मग डोक्यावर ती उगवली. काळसर, तांबूस, अंगावर वादळांचे पट्टे, आणि कडेला मागच्या ताऱ्याची धगधगती रेघ. घुमट भरून गेला. माझ्या हाताच्या पाठीवर लाल उजेड सांडला.

"खरी अशीच असेल?"

"माहीत नाही. आम्हाला जे कळलंय त्यावरून चित्रकाराने काढलीय." त्याचा आवाज अंधारात वेगळाच वाटत होता, हळू आणि मऊ. "ही दिवसाची बाजू. इथे तारा कधी मावळत नाही. आणि पलीकडे रात्र. तिथे कधीच उजाडत नाही."

"आणि मध्ये?"

"मध्ये एक पट्टा. तिथे कायम संध्याकाळ."

"तिथे घर मिळेल का?"

"जमीनच नाही तिथे."

"मग पाय कुठे ठेवायचे?"

"ठेवायचेच नाहीत," तो म्हणाला. "तरंगायचं."

मी हसले. तोही हसला असावा, कारण त्याची खुर्ची करकरली.

"पाऊस पडतो?"

"पडत असावा. काचेचा. दिवसाकडे जी वाफ होते, तिचे रात्रीकडे जाऊन बारीक बारीक थेंब होत असणार. आणि वारा इतका, की पाऊस खाली पडतच नाही. आडवा जातो."

काचेचा आडवा पाऊस... मी डोळे मिटून घेतले. दूरवर कुठेतरी, जिथे कुणीच नाही, तिथे लक्ष लक्ष थेंब एकमेकांच्या मागे धावत होते आणि त्यांचा आवाज ऐकायला कुणाचा कान नव्हता. डोळे उघडले तेव्हा तो वर बघत नव्हता. माझ्याकडे बघत होता.

"वर बघा," मी म्हणाले. "तुमची 'ती' वर आहे."

"हो," तो म्हणाला. पण मान वळवायला त्याला वेळ लागला.

दिवसाच्या बाजूचं रेकॉर्डिंग संपलं, आणि आम्ही रात्रीकडे आलो. 'आणि इथून रात्र सुरू होते,' हे माझं वाक्य होतं, मी भांडून मिळवलेलं. लाल दिवा लागला. मी श्वास घेतला, "आणि इथून रा—" म्हणाले, आणि पुढे नुसती हवा आली.

पुन्हा घेतलं. पुन्हा हवा. काकांनी हेडफोन काढला. तो स्टुलावरून उठला, आणि त्याच्या मांडीवरचे सगळे कागद खाली गेले.

घशाच्या डॉक्टरांनी बारीक नळी घालून आत पाहिलं. स्वरतंतूंवर गाठी आल्या होत्या. "महिनाभर मौन," ते म्हणाले. "कुजबुजायचंही नाही. घरी कुणाशी मोठ्याने बोलावं लागतं का?"

मी खाली पाहिलं. बाबांनी सगळी हयात छापखान्यात यंत्रांच्या खडखडाटात काढली होती. त्यांना जेमतेम ऐकू यायचं, आणि कानाचं मशीन लावलं की माणूस म्हातारा दिसतो म्हणून ते लावत नसत. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, आणि साधं 'पाणी तापलंय' सांगायलाही मला घसा फोडावा लागायचा.

बाबा बाहेर बाकावर बसले होते. मला बोलता येत नव्हतं, म्हणून डॉक्टरांनीच त्यांना सांगितलं. मोठ्याने, सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं. दोन दिवसांनी सकाळी मी उठले तर बाबा पेपर वाचत बसले होते आणि कानात मशीन होतं. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "हा पंखा एवढा खडखडतो, आणि तू मला इतकी वर्षं सांगितलं नाहीस?"

आवाज परत येईल, डॉक्टर म्हणाले होते. कोणता येईल ते मात्र सांगता येत नाही.

चौथ्या दिवशी तो घरी आला. दारातच बाबांना मोठ्याने म्हणाला, "नमस्कार! मी तारांगणातून—"

"हळू बोला. ऐकू येतं मला," बाबा म्हणाले आणि त्याला खुर्ची दिली.

तो खुर्चीच्या कडेवर बसला. कार्यक्रमाची तारीख ठरली आहे, शाळांचं बुकिंग झालं आहे, आणि रात्रीच्या बाजूसाठी दुसरी निवेदिका बघा असं संचालक मॅडम म्हणाल्या आहेत, हे त्याने सांगितलं. सांगताना त्याच्या हातात चेंडू नव्हता. मी खांदे उडवून हसले. मनातून मात्र कुणीतरी माझी खोली दुसऱ्याला भाड्याने दिल्यासारखं वाटलं.

मग तो येतच राहिला. संध्याकाळी काम आटपलं की यायचा, आणि मला बोलता येत नव्हतं म्हणून दोघांच्या वाटणीचं तोच बोलायचा.

"आता तुम्ही म्हणाल, शर्टाला शाई लागलीय," तो म्हणायचा. "माहीत आहे. आणि आता म्हणाल, मग धुतला का नाही. धुतला. ही धुतल्यानंतरची आहे."

मी तोंडावर हात ठेवायचे. हसण्यालाही बंदी होती.

एक दिवस बाबा चहा ठेवायला आत गेले, आणि तो एकाएकी सावरून बसला. चष्मा काढला. पुसला. पुन्हा लावला.

"मला एक विचारायचंय," तो म्हणाला. "म्हणजे... सांगायचंय. मला तुम्ही आवडता. फार दिवस झाले. लिफ्टपासूनच, बहुतेक."

माझी मान हलायच्या बेतात होती. त्याने घाईघाईने हात पुढे केला.

"मान हलवू नका. हो नको, नाहीही नको. तुम्हाला बोलता येत नसताना विचारलं, हे बरोबर नाही, मला कळतंय. पण राहवलं नाही. उत्तर तुम्ही बोलायला लागल्यावर द्या. वाटलं तर. मला घाई नाही. भट्टीचा उजेड माझ्यापर्यंत यायला शेकडो वर्षं लागतात, मला सवय आहे."

आतून बाबांचा आवाज आला, "मला सगळं ऐकू येतंय हां."

तो चहा न घेताच गेला. त्याचे कान जिन्यात वळेपर्यंत लाल दिसत होते.

त्या रात्री मी उशीवर पडल्या पडल्या स्वतःशी गात होते, बिनआवाजाचं. आणि मग अचानक थांबले. त्याला कोण आवडत होतं? लिफ्टपासून, म्हणाला तो. लिफ्टमध्ये मी कुठे होते? माझा आवाज होता. ज्याच्याशी तो मला भेटण्याआधीपासून रोज बोलायचा, तो आवाज. तोच परत आला नाही तर... मग मी कोण?

महिना सरला. डॉक्टरांनी आत पाहिलं, मान डोलावली, "आता बोला. पण मोजकं," म्हणाले.

मी घरी आले. दार लावलं. "बाबा," म्हणाले.

माझा मीच दचकले. जाड, खरखरीत, वाळूवरून पाटा ओढल्यासारखा आवाज. बाबांनी पेपर खाली केला. माझ्याकडे पाहिलं.

"सर्दी झाली की तुझी आई अशी बोलायची," ते म्हणाले आणि पेपर पुन्हा वर धरला. पान मात्र उलटलं नाही.

मी त्यांना हात जोडून खुणावलं, त्याला सांगू नका. त्याचे फोन आले ते मी घेतले नाहीत. 'अजून मौन आहे,' एवढाच मेसेज पाठवला. संध्याकाळी बेल वाजली की आतल्या खोलीत जाऊन झोपल्याचं सोंग घ्यायचे. दोन-तीनदा तसं झालं, आणि मग त्याने येणं थांबवलं. त्याला उत्तर मिळालं होतं, असं त्याला वाटलं असणार. त्याला दोष द्यायला मला जागाच नव्हती.

कार्यक्रमाच्या पहिल्या दिवसाचं निमंत्रण आलं. मी जाणार नव्हते. "मला तुझा आवाज ऐकायचाय," बाबा म्हणाले. "आजवर धड ऐकलाय कुठे मी?" आम्ही गेलो, आणि कडेच्या खुर्च्यांवर बसलो. घुमट शाळेच्या मुलांनी भरला होता, नुसता कलकलाट. तो पलीकडे यंत्राशी वाकून उभा होता. वाळला होता थोडा. त्याने आम्हाला पाहिलं, मान लववली आणि पुन्हा बटणांकडे वळला.

अंधार झाला. भट्टी उगवली. आणि घुमटभर माझा जुना आवाज पसरला, गोल, गुळगुळीत. 'ती आपल्या ताऱ्याभोवती फार जवळून फिरते. म्हणून फुगली आहे. म्हणून तापली आहे.' आणि त्याचं वाक्य? 'अतिसान्निध्य' आलंच नाही. काढून टाकलं होतं. बाबा माझा हात धरून ऐकत होते.

दिवसाची बाजू सरत आली. संध्याकाळचा पट्टा आला. मी खुर्चीचा हात घट्ट धरला. आता ती दुसरी बाई बोलणार होती. चांगलीच असेल. गोड असेल.

रात्र आली.

कुणी बोललं नाही.

नुसता वारा होता, खूप लांबचा. आणि त्यातून हळूहळू काचेचे थेंब दिसायला लागले. एक, मग दहा, मग सगळ्या घुमटावरून एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे धावणारा चमचमता आडवा पाऊस. शब्द एकही नाही. तापमान नाही, वेग नाही, अंतर नाही. ज्या माणसाला एक स्वल्पविराम सोडवत नव्हता, त्याने पानंच्या पानं काढून टाकली होती. माझ्या जागी दुसरं कुणी बसू नये म्हणून ती जागाच रिकामी ठेवली होती. मुलं गप्प झाली होती. तोंडं उघडी टाकून वर बघत होती.

बाबा माझ्याकडे झुकले. "अगं, माझं मशीन बंद पडलं का?"

मी नकारार्थी मान हलवली. माझ्या गालांवरून काय वाहतंय ते अंधारात त्यांना दिसलं नसावं. पण त्यांनी माझा हात सोडला आणि पाठीला हलकेच ढकललं. "जा," म्हणाले.

दिवे लागले. मुलं गलका करत बाहेर पडली. संचालक मॅडम त्याच्याशी काहीतरी बोलून गेल्या. हसत होत्या, म्हणजे निभावलं होतं. मी खुर्च्यांच्या रांगांमधून त्याच्याकडे गेले. तो वायर गुंडाळत होता. चेहरा ओढलेला, शर्ट चुरगळलेला, सकाळपासून इथेच उभा असणार.

मी किती काय काय ठरवलं होतं बोलायचं. वाक्यं जुळवली होती, श्वासाच्या जागांसकट. ती सगळी विसरले.

"जेवलास का?" मी विचारलं.

वायर त्याच्या हातातून सुटली. तो माझ्याकडे बघत राहिला.

"नाही," तो शेवटी म्हणाला. मग, अगदी हळू, "तुम्ही... 'जेवलास' म्हणालात."

"'म्हणालात' नाही," मी म्हणाले. "म्हणालीस."

त्याने ओठ हलवून तो शब्द मनातल्या मनात म्हणून पाहिला. मला ते स्पष्ट दिसलं. आणि मग माझ्या आवाजाची मला पुन्हा लाज वाटली. "हा असा झालाय," मी गळ्याला हात लावला. "बहुतेक असाच राहणार. आता खलनायिकांची कामं मिळतील. म्हणून मी... तुला फोन..."

"ऐकतोय मी."

"कसा वाटतो? खरं सांग."

तो खोटं बोलणारा नव्हताच. त्याने विचार करायला वेळ घेतला.

"वेगळा आहे," तो म्हणाला. "थोडा खरखरीत. आधीचा कुठूनतरी लांबून, वरून यायचा. हा... यात तू इथेच उभी आहेस, असं वाटतं."

मला हसू आलं, आणि ते हसूसुद्धा खरखरीत होतं. तोही हसला. कान पुन्हा लाल होत गेले, वरून खाली. तेवढ्यात दारातून बाबांनी हाक मारली, "भूक लागलीय. त्यालाही विचार, येतो का म्हणावं घरी."

"आलोच, बाबा," तो म्हणाला.

'काका' म्हणायचा तो त्यांना, इतके दिवस. बाबांनी मशीन जरा नीट बसवलं. मग दार धरून उभे राहिले, आम्ही दोघं बाहेर उन्हात येईपर्यंत.